बारकीची बसकी गाडी

रस्त्याच्या कडेला उभी असलेली कुठलीही गाडी दिसली की बारकी तिचा कोपरा तळहाताने दाबायची. गाडी किती वेळा हेलकावते ते बघायची आणि गाडीवाला ओरडायच्या आत पुढे निघून जायची. बसमध्ये नेमकी मागच्या चाकावरची सीट धरायची, जिथे दुसरं कुणी बसायला तयार नसतं. हॉटेलात टेबल डुगडुगलं, तर काही मागवण्याआधी कागदाची घडी करून पायाखाली सरकवायची. काम झालं की आधी पाना पुसायची, मग हात. चहा ओतून घेऊन विसरायची, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवून म्हणायची, "मस्त झालाय." आणि कशालाही "बसू दे" म्हणायची. नवीन बूट चावला, बसू दे. वहिनी चिडली, बसू दे, मग बोलू.

बारकी हे घरातलं नाव. अंगाने ती दादापेक्षा वीतभर उंच होती, पण धाकटी ती बारकी, विषय संपला. पुढे गॅरेजमध्येही तेच नाव चिकटलं. तिथे तिच्याकडे एकच काम असायचं. गाडी आणि चाकं यांच्या मधलं जे काही असतं ते. स्प्रिंगा, शॉकअप, कमानपाटे.

दादा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. फूटपट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा. एका हिवाळ्यात त्याला अक्षरांच्या मधोमध धूर दिसायला लागला. आधी त्याला वाटलं चष्मा खराब झाला. मग वाटलं रंग खराब आला. डॉक्टरांनी सांगितलं की डाग डोळ्याच्या आत आहे आणि तो पसरत जाणार. कडेचं काही दिवस दिसेल. भर उजेडात जास्त, अंधारून आलं की जवळजवळ नाही.

दादा दवाखान्यातून घरी आला, जेवला, आणि हात धुता धुता बारकीला म्हणाला, "गाडीचं काय करतेस?"

गाडी दोघांची होती. दोन सीटची, उघड्या टपाची, दोघांपेक्षाही वयाने मोठी. लहानपणी दोघांच्या खोलीत भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. महिने कधीच फाडून झाले होते, वरचं चित्र राहिलं होतं. त्यात अशीच गाडी वळण घेत होती, इतकी बसकी की पोट रस्त्याला टेकेल असं वाटावं. मोठेपणी भंगारात तशीच गाडी सापडली. बारकीने इंजीन उभं केलं, दादाने रंग दिला. पण ती चित्रासारखी दिसेना. चित्रातली गाडी शर्यतीची होती, कुणीतरी मुद्दाम खाली घेतलेली. यांची कारखान्यातून निघाली तशीच होती, टाचा उचलून उभी असल्यासारखी. "खाली घेऊ एकदा," असं दोघं वर्षानुवर्षं म्हणत आले होते.

"घेते," बारकी म्हणाली. "या महिन्यात घेते."

"मला बघायचीय ती. एकदाच. मग काय व्हायचं ते होवो."

"तुला नुसतं दिसण्याचं पडलंय. गाडी खाली घेतली की वळणावर झुकत नाही, रस्ता धरून राहते. खरी मजा ती."

"ती मजा तू घे. मी बघीन."

तिने आखूड स्प्रिंगा मागवल्या. गॅरेजच्या मालकांना ते पटलं नाही. त्यांचे केस याच धंद्यात पांढरे झाले होते आणि ते बोलून दाखवायची एकही संधी ते सोडत नसत.

"मागवायच्या कशाला? आहेत त्याच स्प्रिंगांवर ग्राइंडर मार. दोन वेढे उडव. जेवणाच्या सुट्टीत काम होतं."

"आणि वळणावर स्प्रिंग जागेवरून निसटली, तर झेलायला तुम्ही येणार?"

"मी कसा येईन? माझा गुडघा धरलाय."

"मग राहू द्या तुमचा ग्राइंडर."

घराला लागून पत्र्याची शेड होती. रविवारी सकाळी तिने गाडी तिथे जॅकवर चढवली, चारी बाजूंना स्टँड लावले, चाकं उतरवली. दादा उपड्या खोक्यावर बसून हाताने चाचपून पाने देत होता. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. मागे कमानपाटे आणि चाकांचा आस यांच्यामध्ये ठोकळे घातले. दुपार झाली. उन्हाचा पट्टा अजून शेडच्या दारात होता, आणि तो सरकायच्या आत बारकीला गाडी दादासमोर उभी करायची होती. तिने सगळे बोल्ट करकचून आवळले, चाकं लावली आणि गाडी खाली सोडली.

दादाने मान एका बाजूला वळवली. हल्ली त्याला बघायचं असलं की त्या वस्तूकडे न बघता शेजारी बघावं लागे. तो बराच वेळ तसा शेजारी बघत राहिला.

"बारके, ही तर होती तशीच आहे."

"नवीन स्प्रिंगा आहेत. बसू दे."

"बरं."

तिने गाडी रोज थोडी फिरवून आणली. गाडी खाली आली नाही. उलट खड्ड्यातून जाताना कुरकुरायला लागली. रोज संध्याकाळी ती टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून बघायची आणि घरात यायची. तोवर दादाला वहिनीचा चेहरा दिसेनासा झाला होता. तिच्या आवाजाच्या जरा डावीकडे बघून तो तिच्याशी बोलायचा.

मग एक दिवस गॅरेजमध्ये नव्या आलेल्या फिटरला बारकी नेहमीचं सांगत होती. चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यात रबराचे बुश असतात. गाडी अधांतरी असताना त्यांचे बोल्ट आवळायचे नाहीत. रबर त्याच अवस्थेत धरून बसतं, आणि गाडी खाली सोडली की पिळलं जाऊन तिला वर ढकलत राहतं. बोल्ट आधी नुसते हाताने बसवायचे. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली की मग आवळायचे. हे ती आजवर प्रत्येकाला सांगत आली होती. सांगता सांगता ती मधेच थांबली. फिटर म्हणाला, "मग पुढे?" ती म्हणाली, "पुढे काही नाही," आणि मालकांना न विचारता घरी आली.

वहिनी ओट्याशी कांदा चिरत होती. दादा टेबलाशी बसला होता.

"दादा, मी टांगून आवळले."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. दादाने ऐकून घेतलं.

"म्हणजे स्प्रिंगा बरोबर आहेत ना?"

"आहेत."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. कांदा आहे."

"वा," वहिनी म्हणाली, "चिरतेय मी, आणि पाणी हिच्या डोळ्यांत."

"तुला दिसत असताना दाखवायची होती," बारकी दादाला म्हणाली. "घाई केली. घाईनेच इतके दिवस घालवले."

"अजून दिसतंय थोडं. चल ऊठ."

तिघं शेडमध्ये गेली. बारकी गाडीखाली सरकली आणि एकेक बोल्ट सैल करत गेली. प्रत्येक बोल्ट सुटताना गाडी हलकीशी कण्हायची. मग तिने दादाला आणि वहिनीला सीटवर बसवलं आणि स्वतः चारी कोपरे आळीपाळीने दाबत सुटली.

"अगं, मला मळमळायला लागलं," वहिनी म्हणाली.

"वजन लागतंय वहिनी. तुझ्याशिवाय होणार नाही."

"म्हणजे मी जाड."

"मी असं म्हटलं का?"

"दाबते आहेस कशी बघ. म्हणायचं काय राहिलं?"

गाडी खाली गेली. बसल्या जागी दादाला ते कमरेत कळलं. तो उतरला तेव्हा पाय नेहमीपेक्षा लवकर जमिनीला लागला. पण तोवर दिवस मावळला होता. शेडमधल्या बल्बचा उजेड त्याच्या कामाचा नव्हता. त्याने मान इकडे वळवून पाहिली, तिकडे वळवून पाहिली.

"तूच सांग. कशी दिसते?"

बारकी दारापर्यंत मागे गेली. बराच वेळ बघत उभी राहिली.

"नाही सांगणार. सांगितलं तर तू माझं ऐकलेलंच बघशील. सकाळी ऊन आलं की तुझं तू बघ. तोवर तिला स्वतःच्या वजनावर राहू दे, मग मी आवळते. आणि कुणी हलवू नका, सगळं सैल आहे."

सकाळी बारकी बेसिनपाशी दात घासत होती. वहिनीला काहीतरी पडल्याचा आवाज आला. वहिनी गेली तेव्हा नळ चालू होता. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं. आधी काही त्रास होता का, असं विचारलं. नव्हता. होता तर ती बोलली नव्हती.

दुखवट्याला माणसं आली आणि गेली. दादा घरातून हलला नाही. शेडचं दार कुणी उघडलं नाही. मग एका सकाळी गॅरेजचे मालक आले. पिशवीतून त्यांनी स्वतःचे पाने आणले होते. ते दारातच उभे राहिले.

"तिच्या गाडीचे बोल्ट सैल आहेत म्हणे. तसं ठेवू नये. पाच मिनिटांचं काम आहे, मी करून देतो."

"थांबा," दादा म्हणाला. "आधी मला बघू द्या."

वहिनीने शेडचं दार पूर्ण उघडलं. ऊन आत आलं. दादा दोन पावलं मागे सरला आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायला लागला. खिळा त्याला दिसत नव्हता. पण त्याच्या नजरेच्या कडेला हळूहळू गाडी आली. चाकं मडगार्डच्या आत गेली होती. बॉनेटवरून निघालेली रेघ खाली उतरून मागच्या चाकावर जाऊन टेकत होती, कुठेही न तुटता. ती रेघ त्याने कितीतरी वेळा झोपायच्या आधी भिंतीवर पाहिली होती. पोट रस्त्याला लागेल इतकी गाडी खाली होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

तो हे मालकांना म्हणाला नव्हता. मालकांना ते कळलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

दादा चाचपत पुढच्या चाकापाशी गेला आणि जमिनीवर बसला. चाकामागे हात घालून त्याने दांडीचा सांधा शोधला, मग बोल्ट. तिने बसवला तेवढाच बसलेला होता, हाताच्या जोराने. त्याने बोटांनी तो किंचित मागे फिरवला, किंचित पुढे. तो सहज फिरला.

"आवळू?" मालकांनी विचारलं.

दादाने हात काढला नाही. मालक गुडघ्यावर हात ठेवून उभेच राहिले, आणि थोड्या वेळाने पिशवी उचलून गेले.

गाडी तिथेच आहे. बोल्ट आवळायचे राहिले आहेत.