चव्वेचाळीस पॉइंट हवा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी रोज जेवण झाल्यावर वाचतो, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचतो. पिंपळाखालची बाई, गाडीच्या मागे लागलेलं कुत्रं... वाचायचं, हसायचं आणि झोपायचं. माझा स्वभावच तसा आहे. माजलगाव भागातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी एकोणीस वर्षं बसतोय. उसाची गाडी भरून येते, रिकामी जाते, मधला फरक म्हणजे ऊस. यात विश्वास ठेवण्या-न ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे पुढचं वाचून कुणी मला 'काका, डोळे तपासून घ्या' असं लिहिणार असेल, तर आधीच सांगतो – तपासलेत. डोळे ठीक आहेत.

ज्योती माझी धाकटी बहीण. तिला केजकडच्या युसूफ वडगाव या गावी दिली. वडील लवकर गेले, त्यामुळे तिचं लग्न मीच लावलं, आणि ती मला भावापेक्षा वडिलांच्या जागी धरते. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, आसपासच्या खेड्यांत जनावरांना औषध-इंजेक्शन करत फिरायचे. त्यासाठी त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली होती. मनुष्य भला, पण शंकेखोर. कुठलीही गोष्ट चार जणांना विचारल्याशिवाय करायचे नाहीत.

माझ्या घराची वास्तुशांत होती, एप्रिलच्या शेवटी. जेवणं आटोपली, ज्योती गाडीत जाऊन बसली, आणि दाजी टायरपाशी उभं राहून मला म्हणाले, "दादा, ह्यात हवा किती ठेवावी ओ? केजचा म्हणतोय तीस, बीडचा म्हणतोय पस्तीस, आन आमच्या गावचा तर बुक्की मारूनच सांगतोय. धरावं कुणाचं?"

मी वाकलो. चष्मा वर केला. टायरच्या अंगावर बारीक उठावदार अक्षरं असतात, ती बोटाने पुसली आणि सगळ्या पाव्हण्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. "हे काय, लिहिलंय की. चव्वेचाळीस. कंपनीनं छापलेला आकडा सोडून पंक्चरवाल्यांना कशाला विचारत बसता?"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, काट्यावरच्या माणसापुढं कुणाचं चालतंय का. दाजी खूश झाले. मीही झालो, लपवून काय करू.

मे महिन्यात, भर दुपारी, केजहून मांजरसुंब्याकडे जाताना त्यांच्या गाडीचं मागचं डावं टायर फुटलं. गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. दाजी एकटेच होते. जागेवर गेले.

पंचनाम्यात 'टायर फुटल्याने ताबा सुटून' असं लिहिलं. लोक म्हणाले ऊन लई होतं, रस्ता उखडलेला होता, टायर जुनं होतं, वेळ आलती. मीही तेच म्हणत राहिलो. वास्तुशांतीच्या दिवसाची मला आठवणसुद्धा झाली नाही... हे मी शपथेवर सांगतो.

पुढे आईला घेऊन ज्योतीकडे वरचेवर जावं लागायचं. एसटीने आईचे हाल व्हायचे, म्हणून दिवाळीत मीही एक जुनी छोटी गाडी घेतली. तोवर माझी सगळी हयात मोटारसायकलवर गेलेली. गाडी घेऊन पहिल्यांदा बायपासवरच्या एका पंक्चरवाल्याकडे गेलो. वयस्कर माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी ऐटीत सांगितलं, "चव्वेचाळीस भरा."

चाचांनी पाइप खाली ठेवला. "कोण बोलला साहेब तुमाला?"

"टायरवरच लिहिलंय."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चौकटीवरच्या एका फिकट कागदावर बोट ठेवलं. "गाडीचा आकडा हितं असतोय. तीन माणसं बसली तर तीस. गाडी भरली तर मागं तेहतीस. टायरवर लिवलंय ती टायरची हद्द हाय, साहेब. त्याच्या म्होरं जायचं न्हाई, एवढंच सांगायला लिवतेत. तेवढी भरायची नसतीय. उन्हाळ्यात तर लई बेकार, खड्ड्यात आपटली की खलास."

मी तिथल्या बाकड्यावर बसलो. चाचांनी पाणी दिलं. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

त्याच दिवशी मी त्यांच्याकडून हवा मोजायचं एक मीटर विकत घेतलं. गोल तबकडी, खाली नळी, व्हॉल्व्हवर दाबलं की काटा फिरतो. यापुढे कुणाचं ऐकायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही, स्वतः मोजायचं, असं ठरवलं. चाचांनी चारही टायरांत तीस भरून दिली. सकाळी मी अंगणात मीटर लावलं. चव्वेचाळीस. दुसऱ्या टायरला, तिसऱ्या, चौथ्या – चव्वेचाळीस.

मला वाटलं मीटर बाद निघालं. तसाच परत गेलो. चाचांनी ते हातात घेतलं, लावलं, तीस. माझ्या हातात दिलं, मी त्याच टायरला लावलं, चव्वेचाळीस. त्यांनी परत घेतलं. तीस. मग दुकानातलं त्यांचं स्वतःचं मीटर मला दिलं. त्यातही तेच. शेवटी चाचा हळूच म्हणाले, "साहेब, तुमी हात नका लावू. हवा म्या भरून देत जाईन."

आता मी असला माणूस आहे की काट्यात दहा किलोचा फरक दिसला तर जेवत नाही. मी सगळं करून पाहिलं. पेट्रोल पंपावरच्या आकडे दाखवणाऱ्या मशीनवर, पाइप मी धरला की चव्वेचाळीस, पंपावरच्या माणसाने धरला की तीस. घरी बायकोला, सुमनला, मीटर धरायला लावलं. तीस. मी धरून तिला वाचायला लावलं. तिनेही चव्वेचाळीसच वाचलं, म्हणजे डोळ्यांचा प्रश्न मिटला. मोबाइलवर फोटो काढला. तो अजून आहे, आणि त्यात काटा अजून तिथंच आहे.

दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला तेव्हाची एक गोष्ट सांगतो, कारण त्यानंतर मी मोजणंच सोडलं. ऊसतोड मजुरांच्या टायरगाड्या येतात, बैल जोडलेल्या. काट्याजवळ एक गाडी बाजूला सोडलेली होती, तिचं एक चाक पार बसलेलं, रबर जमिनीला चिकटलेलं. पाळी संपवून मी तिथं गेलो आणि खिशातलं मीटर त्या चाकाला लावलं. गाडीवाला म्हातारा बैलांना पेंढी टाकत होता. तो म्हणाला, "काय बघताव साहेब? हवा न्हाई त्यात. काल सांजच्यालाच बसलंय."

काटा चव्वेचाळीसवर होता. म्हाताऱ्यानेही पाहिला. बैल सोडून पलीकडे नेऊन बांधले.

मला भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. सगळ्या माजलगावात मला एकट्यालाच कळत होतं की तो आकडा काय म्हणतोय.

सुमनलाही कळलं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी ती दारात उभी होती, तिने ऐकलं होतं. एकदा वाढता वाढता म्हणाली, "ज्योतीताईंना सांगितलंत का?"

"सांगून काय होणार?"

"काय व्हायचं ते होईल. पण असं कितीक दिवस चालायचं?"

मी ताटावरून उठलो. ज्योतीला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, एवढंच मला दिसत होतं. आईनंतर मला माझं म्हणावं असं तीच एक. तिचा नवरा मी मारला, चार पाव्हण्यांत ऐट मिरवायला म्हणून मारला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तीन-चार वेळा युसूफ वडगावला गेलो आणि तसाच चहा पिऊन परत आलो.

मार्चमध्ये तिचाच फोन आला. तिने गाडी चालवायला शिकून घेतलं होतं आणि संक्रांतीनंतर एक जुनी छोटी गाडीही घेतली होती, लेकीला अंबाजोगाईला शिकवणीला ने-आण करायला. म्हणाली, "दादा, एकदा ये अन् हवा बघून दे. आन तुझं मीटर घेऊन ये. मला दुसऱ्या कुणाचं पटत न्हाई."

त्या रविवारी मी गेलो. लेक अभ्यासाला मैत्रिणीकडे गेली होती. गाडी अंगणात उभी. ज्योती ओट्यावर गहू निवडत बसली होती.

"मीटर आणलंस?"

"आणलंय. पण मी लावणार नाही."

"कावून?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. टायरवरचा आकडा, दारावरचा कागद, चाचा काय म्हणाले ते. आकडा चुकीचा होता आणि तो मी सांगितला होता, हे सांगितलं. मीटरचंही सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, गाडीकडे बघत होतो. सुपातल्या गव्हाचा आवाज मधेच थांबला, एवढं मला कळलं.

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"आकडा चुकला व्हता ते. तुझ्याकडून आल्यावर चौथ्या दिवशी ते केजला गेलते. तिथल्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, चव्वेचाळीस लई हाय, फुटंल. त्यानं काढून तीस केली. घरी येऊन मला म्हणले, तुझ्या दादाला काय कळत न्हाई." तिने सूप बाजूला ठेवलं. "मला लई राग आला, दादा. मी म्हणले, त्यो पंक्चरवाला शहाणा अन् माझा भाऊ येडा का? दोन दिस बोलले न्हाई त्यांच्याशी. भाकरी नुसती म्होरं सरकवायची. तिसऱ्या दिशी ते गेले अन् परत भरून आले. दारातूनच म्हणले, घे, भरली तुझ्या दादाची हवा. आता तरी हास."

"मग?"

"हासले मी."

ती उठली, माझ्या हातातलं मीटर घेतलं आणि गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसली. व्हॉल्व्हची टोपी काढली, नळी दाबली आणि तबकडी माझ्याकडे केली.

चव्वेचाळीस.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "गाडी आणली तवापासून. पंपावर पाइप मी धरला की हेच येतंय. मला वाटलं, मला येड लागलं. कुणाला सांगू? म्हणून तुला बोलावलं. म्हणलं, दादाच्या हातात तरी खरा आकडा यील."

तिने मीटर माझ्यापुढे धरलं. मी नको म्हणत होतो, तरी माझा हात धरून तिने ते दाबायला लावलं. काटा हललासुद्धा नाही, तसाच चव्वेचाळीसवर राहिला. ती चाकाला टेकून बसली आणि रडायला लागली. दाजी गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मीही तिच्या शेजारी मातीत बसलो. शेजारच्या बाईने भिंतीवरून डोकावून काय झालं विचारलं, तर ज्योती म्हणाली, "काय न्हाई, ह्यांची आठवण निघाली."

संध्याकाळच्या आत आम्ही गाडी गावच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने तीस भरून दिली. आम्ही दोघं लांब उभे राहिलो, कुणीही हात लावला नाही. आजही तिच्या गाडीत तोच हवा भरतो आणि माझ्या गाडीत चाचा. दोन्ही गाड्या नीट चालतात. लेक वेळेवर अंबाजोगाईला पोचते.

मी हे माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकला विचारलं, फिजिक्स शिकवणाऱ्या एका मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, हाताच्या उष्णतेने थोडा फरक पडू शकतो. थोडा म्हणजे किती, असं विचारल्यावर म्हणाले, एखादा पॉइंट. बसलेल्या चाकाचं सांगितल्यावर त्यांनी विषयच बदलला. देवाधर्माचंही झालं, सुमनने सगळं केलं. कुणाजवळ काही खुलासा असेल तर लिहा, मी वाचेन. फक्त मनाचे खेळ म्हणू नका, तेवढं माझं स्वतःला म्हणून झालंय.

गेल्या भाऊबीजेला ज्योती आली होती. ओवाळून झालं, आणि दोघांच्याही मनात एकच होतं बहुतेक, कारण न बोलता आम्ही अंगणात गाडीपाशी गेलो. एकमेकांना सगळं सांगून झालं होतं, तिने मला माफ केलं होतं, मी तिला. खोटं कशाला बोलू, मला कुठंतरी आशा होती की आता ते दोघांत वाटलं जाईल. बावीस-बावीस तरी होईल.

आधी तिनं लावलं, मग मी. तिचं चव्वेचाळीस आलं. माझंही चव्वेचाळीस.