लाल कागद, हिरवं लुगडं

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रीच्या नाटकाला दिवे घेऊन आलेल्या त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही.

सानगडीला सून म्हणून आले, त्याच वर्षीची गोष्ट. नाटकातल्या नवरीला गावातल्याच एखाद्या घरचं लुगडं नेसवत. त्या वर्षी माझं लग्नातलं हिरवं लुगडं नेलं. नवरी उजेडात आली आणि ते काळंकुट्ट दिसलं. बायका वळून माझ्याकडे पाहू लागल्या. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मले वाटतच होतं, इचा पायगुण बरा नाही."

सकाळी तो दिवेवाला अंगणात येऊन उभा राहिला. बोटांची टोकं दिव्यांनी भाजलेली, हातात दिव्यावर लावायचा लाल कागद. दोरीवरचं माझं लुगडं त्यानं सासूबाईंना त्या कागदातून पाहायला लावलं. काळं दिसलं. कागद बाजूला केला, तर हिरवं.

"माय, लुगड्यात खोट नाही. दुधी कागद लावाचा होता, घाईत मी लाल लावला. पोरीले बोल लावू नका."

बोलताना त्याची मान वर झाली नाही. सासूबाईंनी कागदातून पुन्हा एकदा पाहिलं आणि मला चहा ठेवायला सांगितलं. तो मात्र चहा न घेताच गेला.

रात्री सासूबाई मला बोलल्या तेव्हाही माझे यजमान घरातच होते. आताही खाटेवर बसून सगळं ऐकत होते. परक्यासाठी केलेला तो चहा मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो मुकाट्यानं प्यायला.

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची लाज वाटली.