कस्तुराबाईचा पाट

कासाबाईच्या कडबोळ्यांवर अंगठ्याची खूण असायची, आणि ती खूण कासाबाईच्या अंगठ्याची नसायची. राणीसावरगावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिची जाऊ जिवंत होती तोवर त्यात भ्यायसारखं काही नव्हतं.

मुलूख आपला ज्वारीचा. तांदूळ दुकानातून आणावा लागतो. तरीबी कासाबाईच्या सासूनं तांदळाच्या पिठाच्या कडबोळ्यांचा धंदा काढला आणि मरताना दोघी सुनांच्या हातात दिला. थोरली कासाबाई, धाकटी कस्तुराबाई. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचा, गिरणीतून दळून आणायचा, तिखटमीठ, तीळ, ओवा घातलेल्या उकळत्या पाण्यात पीठ टाकून झाकायचं, वाफ जिरली की तेलाच्या हातानं मळायचं. मळणं आणि तळणं थोरलीकडं. वळणं धाकटीकडं. बोटाएवढी वळी करायची, तिचं कडं करायचं, दोन टोकं एकमेकांवर ठेवून अंगठ्यानं दाबायची.

कस्तुराबाईच्या अंगठ्याला निंदताना खुरपं लागलेलं. जखम भरली, चीर राहिली. म्हणून तिच्या हरेक कडबोळ्याच्या सांध्यावर बारीक रेघ उमटायची, गव्हाच्या दाण्यावर असते तशी. पालमच्या स्टँडाजवळ दत्तरावांचं चहाचं हॉटेल. तिथं रोज ह्यांचा डबा जायचा, आणि लोक रेघ बघून कडबोळं उचलायचे.

सासूनं धंद्याबरोबर एक नियमबी दिला होता. कढई चुलीवर असली की मेल्या माणसाला हाक मारायची नाही.

"तापल्या तेलाम्होरं हाक मारली की माणूस कामाला येऊन बसतंय," म्हातारी म्हणायची. "आन ज्यानं बोलवलं त्यानंच उठवावं लागतंय. दुसऱ्याच्यानं उठत न्हाई."

दोघी जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. पण नियम पाळायच्या.

कस्तुराबाई गेल्या पौषात तापानं गेली. तीन दिवसांत आटोपलं. दिवस झाले, तशी कासाबाईनं चूल पेटवली. एकटीच्यानं निम्मा डबासुद्धा भरेना. डोळ्यात मोतीबिंदू उतरायलेला, वळीची टोकं जुळेनात. तिच्या पाठीमागं कस्तुराबाई वळायला बसायची तो पाट मात्र होता तिथंच होता.

एका भर दुपारी तेल धुरावलं आणि बावीस वर्षांची सवय तोंडातून निसटली.

"कस्तुरे, आटप की! तेल तापलंय."

म्हणाली आणि जीभ चावली. काही झालं नाही. गल्लीत कुत्रं नव्हतं, झाडाचं पान हलत नव्हतं. कासाबाईनं जाळ कमी केला आणि केलेली चार-दोन कडबोळी उचलायला मागं वळली. पाटापुढं अंथरलेल्या धडप्यावर ओळीनं कडबोळी मांडलेली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिनं एक डोळ्याजवळ धरलं. सांध्यावर रेघ होती.

त्या दिवशी ती कढई तशीच ठेवून देवळात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवली. काय करणार? पीठ दळून ठेवलेलं होतं.

मग तो रोजचाच शिरस्ता झाला. पाठ करून बसलं की काम चालायचं, वळून बघितलं की थांबायचं. परातीतला उंडा कमी होत जायचा. ओला फडका पिळून बाजूला टाकलेला दिसायचा. पुढं चुलीची धग, आणि पाठीला मात्र रांजणाशेजारी बसल्यासारखा गारवा. कासाबाई हळूहळू बोलायलाबी लागली. तांदूळ महागला, शेळी व्यायली, असलं काहीबाही.

"कुणासंगं बोलायलीस गं?" नवरा येडबा मेंढरं घेऊन येताना विचारायचा.

"तुमच्या मेंढरासंगं. ते तरी ऐकतेत."

दत्तरावांनी एकदा डबा उघडला आणि खूश झाले. "मावशी, जुना हात घावला की तुमाला!"

"व्हय," कासाबाई म्हणाली. "घरातलाच हाय."

अडचण आली ती सुनेची. साधना म्हणजे कासाबाईच्या लेकाची, हरिओमची बायको. हरिओमनं ऊसतोडीच्या मुकादमाला शब्द द्यायचा बाकी ठेवला होता. घरी दोघांपुरतं काम नसेल तर दिवाळीनंतर कोयता घेऊन जायचं, असं नवराबायकोचं ठरलेलं. पोरं परमुलखात खोपीत राहणार, ह्यानं कासाबाईची झोप उडालेली. साधनानं कडबोळी वळायला घेतली तर डबे दुप्पट होणार आणि पोरं घरी राहणार, हे तिला उघड दिसत होतं.

पण साधना त्या पाटावर बसायला वाकली की कासाबाई ओरडायची, "तिथं न्हाई! बिलकूल न्हाई!"

चौथ्यांदा असं झालं तेव्हा साधना दारातच थांबली.

"आत्याबाई, मेलेल्या माणसाची जागा राखून ठिवता, आन जित्या सुनेला उभं करता? ऱ्हाऊ द्या. उद्या मुकादम यायलाय. आमी जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम यायच्या आधीच कासाबाईनं कढई चढवली. साधनाला दाराशी उभं केलं. तेल तापू दिलं. मग मागं न बघता, तोंड जाळाकडंच ठेवून म्हणाली,

"कस्तुरे, ऊठ आता. पोरीला बसू दे."

चुलीतलं लाकूड तडकलं. मग शेणानं सारवलेल्या भुईवर पाट सरकल्याचा आवाज आला. हातभर सरकला असेल. साधना कासाबाईकडं बघत राहिली, आणि पाटाकडं.

"बस," कासाबाई म्हणाली.

साधना बसली. भीत भीत वळी केली, ती तुटली. दुसरी केली, तीबी तुटली. मग बराच वेळ पिठाचा नुसता चिकचिक आवाज. कासाबाईनं झारा तेलात धरून ठेवला. तिच्या पाठीला गारवा नव्हता. गेली, असं तिला वाटलं.

"जमायलंय की," मागनं साधना खाली मान घालूनच म्हणाली. "पर आत्याबाई, माझा अंगठा जरा हळू दाबा. आन तुमचा हात एवढा गार कसा?"

कासाबाईचा एक हात झाऱ्यावर होता, दुसऱ्या हातानं ती चुलीत लाकूड सारत होती. तिनं मान वळवली नाही. वळवली असती तर काम थांबलं असतं.

"गार तर गार," ती म्हणाली. "शिकवायलीय तवर गुमान शिक."

बाहेर मुकादमाची फटफटी येऊन थांबली.

"हरिओम," तिनं तिथूनच आवाज दिला, "त्याला म्हणावं, घरी हात कमी पडायलेत."