शहापूर-मुरबाड : बाळाराममामांना कुठे कुठे शोधलं

कुठेही गेले की मी तीन गोष्टी बघते. स्टेशन, बार, आणि गाव पाहुण्याला हौसेने दाखवतं ती जागा. स्टेशनात गाव कसं निघतं ते दिसतं, बारमध्ये कसं बसतं ते दिसतं, आणि तिसऱ्या जागी गावाला स्वतःबद्दल काय वाटतं ते. बाई एकटी बारमध्ये कशी जाते, असं वाचक मला विचारतात. दार ढकलून.

शहापूर आणि मुरबाडबद्दल कोणी मुद्दाम लिहीत नाही. लोक माहुलीला चढतात, माळशेजला भिजतात आणि या गावांतून नुसते जातात. म्हणून प्रणालीच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा ठरवलं की सकाळीच निघायचं, दिवसभर तिन्ही गोष्टी बघायच्या आणि संध्याकाळी मुरबाडच्या हॉलवर गोरज मुहूर्ताला पोचायचं. प्रणाली आणि मी नाशिकला काही वर्षं एका खोलीत राहिलो होतो.

नाशिकहून समृद्धीने गेलात तर बोगद्यातून लवकर उतराल आणि काही दिसणार नाही. मी जुन्या रस्त्याने गेले. घोटीला मिसळ खाल्ली. ठीक होती, तर्री नुसती लाल. कसारा घाटात ट्रकमागे ट्रक. खर्डीच्या पुढे चहाला थांबले तेव्हा प्रणालीचा फोन आला.

"कुठेयस?"

"खर्डी ओलांडली."

"आसनगाव स्टेशनला जा. नितेश तिथे आहे. तुझी गाडी लागेल. मामा येत नाहीयेत."

नितेश तिचा धाकटा भाऊ. मामा म्हणजे तिच्या आईचे भाऊ, बाळाराम, राहणार खर्डी. सकाळी लोकलने आसनगावला उतरून मुरबाडला यायचे होते. आले नाहीत. फोन वाजत होता, उचलत नव्हते.

"ते पीत होते, तुला माहितीये," प्रणाली म्हणाली. "सोडली. आता पुन्हा प्यायले तर वाचणार नाहीत, असं डॉक्टर माझ्यासमोर बोललेत त्यांना. आज सगळे पिणारे पाहुणे जमलेत. कोणीतरी बसवलं असेल कुठेतरी."

मी चहा तसाच ठेवून गाडीकडे निघाले. ती बोलतच होती.

"आमच्यात नवरीला मामा मांडवात आणतो. ते नसतील तर मी उभी राहणार नाही. बाबांना सांगितलंय तसं. आणि आईला काही कळू देऊ नकोस. तिला सांगितलंय गाडी लेट आहे."

शहापूरला स्वतःचं स्टेशन नाही. आहे ते आसनगाव, थोड्या अंतरावर, मध्ये हायवे. माझं मत विचाराल तर हे स्टेशन नसून दरवाजा आहे. थांबण्यासाठी काही बांधलेलं नाही, सगळं निघण्यासाठी. बाहेर रिक्षा, वडापाव, मोबाइलची कव्हरं. वडा गरम असेल तर घ्या, चटणी टाळा.

नितेश रिक्षा स्टँडवर उभा होता. नव्या कुडत्याला घामाचे डाग. तो वाशिंदच्या कारखान्यात कामाला आहे. एरवी बोलका मुलगा, आज फक्त मोबाइल कानाला लावत होता आणि काढत होता.

एका रिक्षावाल्याने मामांना पाहिलं होतं.

"पांढरी टोपी, नवा सदरा? आलता नं सकाळी. त्या कठड्यावर बसला व्हता कितीतरी टाइम. मी बोललो, काका, येता का? तर बोलतो, आमचे वाजवत येतील." तो हसला. "आता स्टेशनात कोण येनार वाजवत? बोललो, बस बाबा."

"मग?"

"मंग गेला दुसऱ्या रिक्षात. शहापूर साइडला."

नितेश माझ्याकडे वळला. "झालं, ताई. सकाळीच घेतली त्याने. वाजवत येतील म्हणे."

मलाही तसंच वाटलं.

शहापूरमधल्या बारांबद्दल लिहायचं मी योजलं होतं, ते असं बघावे लागतील हे माहीत नव्हतं. नावं देत नाही, का ते शेवटी कळेल. हायवेला लागून असलेले दोन मोठे आहेत. पहिल्यात माशांची टाकी, दिवसा लावलेले निळे दिवे आणि फॅमिली रूम, म्हणजे पडदे लावलेले कप्पे. पडद्यांना जुन्या तेलाचा वास. या जागेला बसायला आलेल्या माणसाबद्दल संशय आहे, असं तिथे बसून वाटतं. दुसरा बरा. खिडक्या आहेत, उजेड आहे, आणि कोलंबी ताजी दिसली. दोन्हीकडे नितेश काउंटरवर गेला आणि मोठ्याने म्हणाला, "बाळाराम आलेला काय? खर्डीचा? आमचा मामा." दोन्हीकडे टेबलांवरच्या माना वळल्या.

स्टँडच्या मागचा तिसरा मला आवडला. चार बाकं, चणे, उकडलेली अंडी, भिंतीवर देवाचं कॅलेंडर. इथे कोणी कोणाला प्रभावित करायला येत नाही. काउंटरवरच्या माणसाने नितेशला ओळखलं.

"बाळाराम? दोन वर्सं झाली, इकडं फिरकला नाय."

"बघा ना जरा. मागे बसला असेल."

"मागं पिंपं हायेत रे. बघ जाऊन."

कोपऱ्यातून एक जण ओरडला, "काय रे, लगीन मुरबाडला नि मामा शहापूरला? वरात इकडंच काढा मंग!"

सगळे हसले. नितेश खरंच मागे जाऊन पिंपांमध्ये बघून आला.

तिथून भातसानगर. मामा तरुणपणी धरणाच्या कामावर होते, दारू तिथल्या वस्तीत लागली, नितेशने गाडीत सांगितलं. पाण्याचा विचार आम्ही दोघेही करत होतो, पण शब्द कोणी काढला नाही.

भातसा धरण शहापूरची दाखवण्याची जागा. दाखवण्यासारखं फार काही नाही, स्पष्ट सांगते. कॉलनीच्या इमारतींना शेवाळ धरलेलं, फाटकावर पहारा, आत सोडत नाहीत. लांबून भिंत दिसते आणि तिच्यामागे मुंबईला जाणारं पाणी. टपरीवाली बाई दोन कळश्यांमधून जपून पाणी काढून चहा करत होती. चहा मात्र चांगला, आलं भरपूर. तिने मामांना पाहिलं नव्हतं. पहाऱ्यावरच्या माणसानेही नाही. नितेशने खात्री करण्यासाठी त्याला दोनदा विचारलं.

परत हायवेवर आलो आणि स्टँडच्या मागच्या बारवाल्याचा नितेशला फोन आला. स्पीकरवर होता.

"अरे, मी लावला फोन त्याला. माझा उचलला."

"कुठेय?"

"ते नाय बोलला. मीच बोललो, तुझे लोक या बारातनं त्या बारात फिरून तुला शोधतात, जा रे बाबा. गप ऱ्हायला. मंग ठेवला."

नितेशने फोन मांडीवर ठेवला. "कसा होता आवाज, विचारायला हवं होतं," तो म्हणाला. पण पुन्हा फोन केला नाही. आता मामांना कळलं होतं की आम्ही त्यांना कुठे शोधतोय.

सापगावचा पूल ओलांडून मुरबाडचा रस्ता धरला. रस्ता बरा आहे, वळणांवर खडी. भाताची शेतं कापून झालेली. एका फाट्याकडे नितेशने बोट दाखवलं. "आमचं गाव. आत. आता घराला कुलूप, सगळे हॉलवर." आम्ही वळलो नाही.

मुरबाडला स्टेशन नाही. रेल्वे येणार, हे इथे प्रत्येक जण सांगतो. एका पानवाल्याने मला ती कुठून जाईल ते हात लांब करून दाखवलं. हातात सुपारी कातरायचा अडकित्ता होता. नसलेल्या स्टेशनाबद्दल मत देता येत असेल तर माझं मत चांगलं आहे. नाक्यावर एसट्या, जीप, कल्याणचे कामगार, म्हसा गावच्या गुरांच्या बाजाराच्या गप्पा. इथला बार एकच पाहिला. स्वच्छ, थंड, मोठा टीव्ही. तिथेही नितेशने नाव घेऊन विचारलं.

हॉलवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गुरुजी अंतरपाटाची घडी तपासत होते. नितेशचे वडील, काशिनाथकाका, दारात उभे होते. आमच्यामागे तिसरं कोणी उतरतंय का, ते त्यांनी बघितलं. मुलाकडचे लोक खुर्च्यांवर कुजबुजत होते. वाजवायला आलेले बेंजोवाले बाहेर रिकामे बसून विड्या ओढत होते.

मी नवरीच्या खोलीत गेले. प्रणाली हिरव्या चुड्याचे हात मांडीवर ठेवून बसली होती. शेजारी तिची आई, सुनंदाकाकू.

"आली का गो गाडी?" काकूंनी विचारलं.

प्रणालीने मान हलवली, बोलू नकोस म्हणून. पण मी दिवसभर पुरेशी फिरले होते.

"गाडी सकाळीच आली, काकू. मामा स्टेशनात उतरले. मग दिसेनासे झाले. आम्ही सगळे बार बघितले."

"बार?"

"रिक्षावाल्याला म्हणाले, आमचे वाजवत येतील. म्हणून आम्हाला वाटलं..."

काकू उठल्या. दारात गेल्या आणि नवऱ्याला हाक न मारता म्हणाल्या, "माझ्या भावाला आणायला वाजंत्री कोण घेऊन गेला?"

काशिनाथकाकांनी बाहेर बसलेल्या बेंजोवाल्यांकडे बघितलं.

त्यांच्यात लग्नाला मामा आपण होऊन येत नाही. आहेर घेऊन तो वेशीपर्यंत येतो आणि थांबतो. घरची माणसं वाजवत जातात, त्याला कुंकू लावतात आणि वाजवत आणतात. गावात लग्न असायचं तेव्हा हे आपसूक व्हायचं. या वेळी हळद-लग्न एका दिवसात, एका हॉलमध्ये, हॉलला वेस नाही. बेंजोवाल्यांना थेट मुरबाडला बोलावलेलं. काकू नवरीच्या खोलीत होत्या आणि त्यांना गाडी लेट असल्याचं सांगितलं होतं. ज्या बाईला ठाऊक होतं, तिलाच कोणी विचारलं नव्हतं.

"तो वेशीवर बसला असंल," काकू म्हणाल्या. "गावच्या. तुमी जा. पोराला नका धाडू, तुमी जा."

बेंजोवाले टेम्पोत चढले. काका माझ्या गाडीत पुढे बसले, नितेश मागे. त्या फाट्यावर या वेळी वळलो.

गावदेवीचा चौथरा रस्त्याकडेला आहे, पाटी नाही, कोणी दाखवायला नेणार नाही. मामा त्यावर बसले होते. टोपी, नवा सदरा, शेजारी आहेराची पिशवी. बारीक माणूस. गाड्या थांबल्या तरी उठले नाहीत.

"बाळाराम, चल," काका म्हणाले. "मुहूर्त होतो."

"फोनवर नाय बोलावत मामाला, दाजी."

"चुकलं. चल आता."

"स्टेशनात बसलो. बोललो, नवीन रीत असंल, तिथं येतील. नाय आला कोन. मंग हिथं आलो. हिथं तरी याल." ते नितेशकडे वळले. "तू कुठं कुठं गेलतास रे?"

नितेशने खाली बघितलं.

"नाव घेऊन ईचारलंस ना? बाळाराम, खर्डीचा?"

"मामा, आम्हाला भीती वाटली."

"मला पन वाटत व्हती. सकाळपासून." मामा उठले. काकांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. "या. वास घ्या माझ्या तोंडाचा."

"काय बोलतोस तू."

"सगळीकडं ईचारताना लाज नाय वाटली. मंग हिथं कसली? घ्या, दाजी."

बेंजोवाले टेम्पोतून उतरून उभे होते. काकांनी मान पुढे केली. मामांनी तोंड उघडलं. मला दुसरीकडे बघायचं होतं, बघता आलं नाही.

"नाय," काका म्हणाले.

"यांना ऐकू आला नाय." मामांनी बेंजोवाल्यांकडे हात केला.

"प्यायला नाय!" काका ओरडले. आवाज फाटला.

मामांनी पिशवी उचलली. "मंग वाजवा."

हॉलवर पोचेपर्यंत सूर्य गेला होता. गुरुजींनी तोंड वाकडं केलं आणि उरकलं. प्रणालीच्या मागे मामा उभे राहिले, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांनी हात हलवले नाहीत. जेवण उत्तम होतं, मटण तिखट, भाकरी पातळ. मामा पंगतीत बसले नाहीत. बहिणीच्या हातचं पाणी प्यायले आणि शेजाऱ्यांच्या जीपने गेले.

मी मुरबाडला लॉजवर राहिले. चादरी स्वच्छ, गरम पाणी मागावं लागतं. सकाळी शहापूरला परत गेले आणि तिथल्या ज्या ज्या बारमध्ये विचारलं होतं तिथे पुन्हा गेले. सोडा मागवला आणि सांगितलं, बाळाराममामा सापडले, प्यायलेले नव्हते. निळ्या दिव्यांच्या बारमध्ये कोणाला आठवेना. खिडक्यांच्या बारमध्ये वेटर म्हणाला, "हो का? इथे तर लोक बोलत होते, मामा पिऊन पडला म्हणून लग्न लेट झालं." मी नाही म्हटलं. त्याने बरं म्हणून टेबल पुसलं. स्टँडच्या मागचा बार अजून उघडला नव्हता.

नाशिकला आल्यावर हे लिहायला घेतलं. बारांची नावं घातली, मग खोडली. तिथे आणखी कोणी त्यांचं नाव शोधायला जाऊ नये. मामांबद्दल लिहावं की नाही, ते ठरेना. शेवटी प्रणालीकडून नंबर घेऊन त्यांनाच फोन केला. उचलला. मी कोण, ते सांगितलं.

"गाडीवाली. वळखलं."

लिहू का, विचारलं. नाव बदलते म्हटलं.

"बदलू नका," ते म्हणाले. "ईचारलंत नाव घेऊन. आता लिवा पन नाव घेऊन."

तर लिहिते. प्रणालीच्या लग्नाच्या दिवशी खर्डीचे बाळाराममामा शहापूर किंवा मुरबाडच्या कोणत्याही बारमध्ये नव्हते.