हे माझं झालं, मास्तर

हणमाला मी सहा वर्षांपूर्वीच मारलं होतं.

माइकवर. अख्ख्या गावासमोर. आणि तो समोर पहिल्या रांगेत बसला होता.

आज त्याची खरी रक्षा सावडून आलो. ज्यांना माझा तो व्हिडिओ पाठ आहे, त्यांनी आज तरी पूर्ण गोष्ट वाचा.

हणमंत माझा पहिलीपासूनचा दोस्त. तो फौजेत गेला, मी वडूजजवळच्या आमच्या गावातच हायस्कूलला मास्तर झालो.

आमच्याकडं रक्षाविसर्जनाला भाषणं होतात. नैवेद्याला कावळा शिवेपर्यंत माणसं बसलेली असतात, तेवढ्यात चार जण गेलेल्याबद्दल बोलतात. गावात बोलणारा माणूस मी. कुणी रिटायर झालं तरी मीच, कुणी गेलं तरी मीच. साचा तोंडात तयार, फक्त नाव बदलायचं.

सहा वर्षांपूर्वी हणमाचा थोरला भाऊ गेला. यशवंतदादा. उभा जन्म रानात घातलेला माणूस. हणमा त्याच्या आदल्याच महिन्यात रिटायर होऊन आला होता आणि त्याच्या सत्काराचं भाषण मीच ठोकलं होतं.

दादाच्या रक्षेला माइक हातात घेतला आणि तेच भाषण सुरू झालं.

बर्फातली ड्युटी आली. मेडल आलं. भारतमातेचा सुपुत्र आला. मला वाटत होतं, काय रंगलंय आज! शेवटी हात जोडून म्हणालो, "कैलासवासी हणमंतरावांच्या आत्म्यास शांती लाभो."

बायकांमधून कुणीतरी "आगं बाई" म्हणालं. मागं दोघंतिघं मान खाली घालून हलायला लागले, हसू दाबत होते. सरपंच वर बघून कावळा शोधायला लागले. माझा सख्खा चुलतभाऊ मोबाइलवर शूटिंग घेत होता, त्यानं झूम केलं.

हणमा उठला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तरी तक्रार नव्हती.

तो जवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण शांतपणे म्हणाला,

"मास्तर, हे माझं झालं. आता दादाचं बोला."

खरं सांगतो, मला दादाबद्दल दोन वाक्यंसुद्धा माहीत नव्हती. येता-जाता रामराम व्हायचा, तेवढंच.

हणमाला ते कळलं. तो तिथंच शेजारी उभा राहिला. तो हळू आवाजात सांगत गेला आणि मी माइकवर बोलत गेलो. दादानं सातवीत शाळा सोडली म्हणून हणमा बारावी झाला. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं दादानं केलं. आणि फोनवर मात्र हणमाला सांगायचा, आई बरी हाय, रजा काढू नगंस.

ह्यावर कुणी हसलं नाही. सरपंचांनी डोळे पुसले.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला. फक्त पहिला भाग. दादाचा भाग कुणी फॉरवर्ड केलाच नाही.

मग काय, स्टँडवर गेलं की, "मास्तर, आज कुणाचा नंबर?" मुलगी सांगलीला असते, तिनं फोन करून आधी पोटभर हसून घेतलं आणि मग विचारलं, पप्पा, जेवलात का. बायकोनं आठ दिवस रोज काहीतरी गोड करून वाढलं. ते मला जास्त लागलं.

हणमाच्या बायकोनं, शालनवहिनींनी, माझ्याशी बोलणंच टाकलं. जित्या नवऱ्याबद्दल असलं अभद्र कुठली बाई ऐकून घेईल? त्यांचं बरोबरच होतं.

मी माइक सोडला तो सोडलाच.

हणमानं चारचौघांत कधी विषय काढला नाही. दोघंच असलो की मात्र सोडायचा नाही. "आयुष्य वाढीवलंस गड्या माझं. आता शंभर फिक्स." आणि चहा संपवून उठताना दर वेळी, "माझ्या टायमाला तूच बोलायचं हां. तुझी प्रॅक्टिस झालीया."

मी शिव्या घालायचो.

परवा सकाळी रानात पाण्याची दारं धरताना त्याच्या छातीत कळ आली. वडूजला नेईपर्यंत संपलं होतं. शंभर कुठले, पंचावन्नसुद्धा झाले नाहीत.

काल दिवसभर डोक्यात एकच. माझ्या तोंडाचा नाट लागला का ह्याला? मी मास्तर माणूस, पोरांकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेतो. तरी वाटलं. वाटलं ते वाटलं.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. सहा वर्षांत पहिला. उद्या तुमीच बोलायचं म्हणाल्या, त्यांनी सांगून ठिवलंय. मी म्हणालो, वहिनी, मला न्हाई जमायचं, माझ्या तोंडाला यश नाही.

त्या मग म्हणाल्या, "भावजी, मी लय रागावले हुते तुमच्यावर. पर हे म्हणायचे, मास्तर चुकला नसता तर दादाचं गावाला कवा कळलंच नसतं. या तुमी."

आज बोललो. बर्फ आणि मेडल काढलंच नाही. भावाच्या रक्षेला, एवढ्या दुःखात, एका फजिती झालेल्या माणसाच्या शेजारी तो कसा येऊन उभा राहिला, ते सांगितलं.

मग नाव घ्यायची वेळ आली. मी पहिल्या रांगेकडं बघितलं आणि म्हणालो, कैलासवासी हणमंतराव.

आणि थांबलो. उगाचच थांबलो.

कुणी उठलं नाही.

हणमा, ह्या वेळी नाव बरोबर घेतलं रं. चुकलं असतं तर लय बरं झालं असतं.

तुझं झालं बोलून. जा आता, दादा वाट बघत असंल.

रामराम, गड्या.