अक्कांचं टाचण

आमच्या अक्कांनी आयुष्यात एकही गोष्ट टाचण काढल्याशिवाय केली नाही, असं मी कुणालाही बेधडक सांगते. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. इथे कन्नड मुलखात, चामराजपेटेत, आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर एक इंग्रजी शाळा आहे, तिथे त्यांनी पंचवीसेक वर्षं विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "पूर्वतयारीला वेळ मिळाला नाही." त्या बेळगावला मावशीकडे राहून डी.एड. झाल्या होत्या, म्हणून शिकवायच्या इंग्रजीत, मुलांना रागवायच्या कन्नडमध्ये, पण पाठाचं टाचण मात्र मराठीत काढायच्या. मोठ्या आखीव वहीत, रकाने पाडून, उद्दिष्टापासून मूल्यमापनापर्यंत. शाळेत तसं टाचण मागणारं कुणी नव्हतं. बाकीचे शिक्षक जूनमध्ये वर्षभराचा एक कागद लिहून कपाटात ठेवत आणि पुढच्या जूनमध्ये त्याच्यावरचं साल बदलत.

मी निपाणीहून लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी अक्कांनी मला स्वयंपाकघर दाखवलं. हातात वहीचं पान होतं. ते ओट्यावर राहिलं आणि मी चोरून वाचलं. घटक : स्वयंपाकघर. उद्दिष्ट : नव्या सुनेस चटणीपुडीचा डबा न विचारता सापडणे. साहित्य : सून, डबे, स्टूल. पूर्वज्ञान : निपाणीकडची आहे, तिखट खात असावी. संभाव्य अडचण : विचारायला लाजेल. या शेवटच्या ओळीपाशी माझे डोळे भरून आले, कारण खरोखरच मी आदल्या रात्री पाणी कुठे आहे ते विचारायला लाजून तहानलेली झोपले होते. तेवढ्यात अक्कांनी दारातून विचारलं, "हिंग कुठे?" म्हणजे मूल्यमापन सुरू झालं होतं. मला सांगता आलं नाही. "सरी," अक्का त्यांचं नेहमीचं कन्नड 'बरं' म्हणाल्या, "चूक माझी. हिंग मी घाईत दाखवला." आणि पान उचलून त्यांनी त्यावर लाल शाईने तसं लिहून ठेवलं.

शिकणाऱ्याला आलं नाही तर शिकवणाऱ्याचं टाचण चुकलं, हा त्यांचा हिशेब शाळेतही तसाच होता. त्यांच्या वह्यांच्या समासात मुलांची नावं असत. चाळीस मिनिटांच्या तासात कोण कुठे अडखळेल, कोण कुठे कंटाळेल, हे त्यांनी आधीच मांडलेलं असे. मला एक पान अजून पाठ आहे. सहावी, बाष्पीभवन. समासात लिहिलं होतं : अकराव्या मिनिटाला रेश्मा खिडकीबाहेर बघेल. तिला बघू द्यावं. समोर इस्त्रीवाला दोरीवर ओले कपडे टाकतो. 'काय दिसतं?' असं विचारून तिथूनच विषय काढावा. संध्याकाळी मी विचारलं, बघितलं का रेश्माने? अक्का म्हणाल्या, "नवव्या मिनिटालाच बघितलं. माझा अंदाज स्वल्प चुकला." त्यांना दोन मिनिटांचं खरोखर वाईट वाटलं होतं.

एकदा त्यांनी सातवीसाठी आमच्या स्वयंपाकघरात मूग भिजवून मोडांचा प्रयोग मांडला होता. आठ वाट्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. पाचव्या दिवशी माझ्या नवऱ्याने चिठ्ठ्या काढून त्याची उसळ करायला लावली, आणि मीही नवी असल्यामुळे केली. अक्का रिकाम्या वाट्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्या वाट्या तशाच पिशवीत घालून शाळेत गेल्या. वर्गात सांगितलं, "आजचा प्रयोग माझ्या भावाने खाल्ला. तर आज आपण अन्नसाखळी शिकू." त्या दिवसापासून माझा नवरा रस्त्यात दिसला की शाळेतली मुलं त्याला 'भक्षक' म्हणू लागली. मी अक्कांना विचारलं, इतकं मिनिटामिनिटाचं लिहून शेवटी वही बंदच करायची, तर लिहायचं कशाला? अक्का म्हणाल्या, "लिहिलेलं असतं म्हणून बंद करायचं धैर्य होतं ग."

मग ती शाळा एका मोठ्या शिक्षणसंस्थेने घेतली. त्यांच्या शाखा शहरभर होत्या, बाहेरही होत्या. पाहणीला आलेल्या लोकांनी अक्कांच्या वह्या बघितल्या आणि बघतच राहिले. असं काम आम्ही कुठल्याच शाखेत पाहिलं नाही, म्हणाले. महिन्याभरात अक्कांना बढती मिळाली. अभ्यासक्रमप्रमुख. आता त्यांनी वर्ग घ्यायचा नव्हता, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कार्यालयात बसून सगळ्या शाखांसाठी टाचणं काढायची होती. मी पुरणपोळ्या केल्या. अक्कांनी तीन खाल्ल्या, ही काही लहान गोष्ट नव्हती. मला म्हणाल्या, "एका वर्गाऐवजी किती वर्ग होतील बघ." हे मी मुद्दाम सांगते. त्यांना कुणी फसवून नेलं नाही. त्या आनंदाने गेल्या. वह्याही सगळ्या उचलून घेऊन गेल्या, दोन रिक्षा भरून.

ते कार्यालय एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली दिवसभर प्रेस मशीन चाले आणि वर टेबलावरचा चहा त्या ठोक्यांवर हलत असे. अक्कांचे साहेब पुण्याहून आलेले, त्यांच्या निम्म्या वयाचे, स्वभावाने अगदी चांगले. पहिल्या दिवशी अक्कांनी त्यांना विचारलं, "मुलं कोण आहेत?"

"म्हणजे?"

"ज्यांच्यासाठी लिहायचं ती."

"जनरल मुलं, मॅडम. आपला प्लॅन सगळ्या ब्रँचेसला सेम जातो. टीचरला स्वतः थिंक करायची गरजच पडू नये, इतका क्लिअर पाहिजे."

अक्का घरी येऊन वहीपुढे बसल्या. मी डोकावले तर समासात एकच नाव लिहिलं होतं, 'जनरल'. पुढे लिहिलं होतं, खिडकीबाहेर बघतो की नाही, माहीत नाही. मी हसले. अक्काही हसल्या. तेव्हा आम्हाला ते विनोदी वाटलं होतं.

वर्षभर त्या लिहीत राहिल्या. साहेबांना घाई असल्यामुळे त्यांच्या जुन्या वह्याही कामाला लागल्या. कार्यालयातल्या दोन मुलींनी त्या इंग्रजीत उतरवल्या आणि शाखांमधल्या शिक्षकांच्या टॅबवर पाठवून दिल्या. कुठल्या दिवशी कुठलं पान, तेही ठरलेलं. एखादी शिक्षिका मागे पडली तर टॅबवर लाल खूण येई. अक्का म्हणाल्या, आपली लाल शाई स्वतःसाठी होती.

दुसऱ्या वर्षी त्यांना शहराबाहेर आनेकलच्या शाखेत वर्ग पाहायला पाठवलं. नेमकी सहावी, नेमकं बाष्पीभवन. शिक्षिका नवीन होती, जेमतेम तेवीस-चोवीसची, हातात टॅब धरून अक्षर न् अक्षर वाचत होती. अक्का शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. पुढे कधीतरी त्या मला सांगत होत्या, "आपलं आपल्याला ऐकायला पहिल्यांदा बरं वाटलं ग. खोटं कशाला सांगू." मग अकरावं मिनिट आलं. शिक्षिकेने टॅबवरून मान वर केली आणि म्हणाली, "रेश्मा, खिडकीबाहेर बघ. काय दिसतं?"

त्या वर्गात रेश्मा नावाची मुलगी नव्हती. पण दुसऱ्या बाकावरची एक मुलगी सराईतपणे उठली. पवित्रा तिचं नाव, हे अक्कांना मागाहून कळलं. आधीच्या धड्यांतही रेश्मा अधूनमधून येत असे आणि कुणीच उठत नसे, म्हणून वर्गाने पवित्राला रेश्मा नेमलं होतं. पवित्राने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर हाताच्या अंतरावर निळा पत्रा होता, शेजारच्या कारखान्याचं कुंपण. त्याच्याकडे बघत तिने सातवीच्या मुलांकडून ऐकलेलं उत्तर दिलं, "ओले कपडे वाळताहेत, मिस."

"व्हेरी गुड," शिक्षिकेने वाचलं.

आणि बसता बसता पवित्रा थांबली. कन्नडमध्ये म्हणाली, "मिस, माझी अम्मा जाते त्या फॅक्टरीत रंगाचं पाणी उन्हात ठेवतात. पाणी जातं. मग रंग का जात नाही?"

अक्का म्हणाल्या, पंचवीस वर्षांत त्या धड्यावर असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्या बाकावरून जवळजवळ उठल्याच. शिक्षिकेने टॅबवर बोट फिरवलं, वर, खाली, पुन्हा वर. मग तिने मागे अक्कांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "हे आजच्या प्लॅनमध्ये नाही," ती पवित्राला म्हणाली. "बस." पवित्रा बसली. तास बरोबर चाळिसाव्या मिनिटाला संपला. बाहेर आल्यावर शिक्षिकेने हळूच विचारलं, "मॅडम, मध्ये माझं एक मिनिट गेलं. लिहिणार का तुम्ही?"

अक्का त्या दिवशी घरी आल्या त्या जेवल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "ती माझ्यामुळे घाबरली. मी तिथे नसते तर बोलली असती त्या पोरीशी." मी म्हटलं, तुम्ही नसतात तरी टॅब होताच की. अक्का म्हणाल्या, "टॅबमध्ये कोण आहे मग?"

त्यानंतर त्यांनी जे जे केलं ते सगळं वाया गेलं. आधी त्यांनी प्रत्येक टाचणात दहा मिनिटं मोकळी सोडली आणि लिहिलं, 'इथे मुलांना बोलू द्यावं'. साहेबांच्या माणसांनी तिथे प्रश्नमंजूषा बसवली. मग त्यांनी शिक्षकांसाठी प्रश्न लिहिले : तुझ्या वर्गात मागे कोण बसतं? खिडकीतून काय दिसतं? त्यावर शेरा आला की शिक्षकांना प्रश्न विचारू नयेत, कन्फ्यूजन होतं. मग त्या सरळ साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला वर्ग परत द्या, कुठल्याही शाखेत, कुठलीही इयत्ता. साहेब खरंच गोंधळले. "मॅडम, तुमच्या लेव्हलच्या माणसाला क्लासमध्ये पाठवलं तर लोक काय म्हणतील? तुम्ही काय चूक केलीत असं वाटेल." शेवटी अक्कांनी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी राजीनामा दिला. वह्या मागितल्या तर कळलं की त्या स्कॅन करून झाल्यावर रद्दीत गेल्या. टाचणं मात्र संस्थेची आहेत, ती चालूच आहेत.

घरी बसल्यावर पहिल्या काही महिन्यांत अक्कांनी काहीच लिहिलं नाही. बाजारात निघाल्या तरी काय आणायचं ते ठरवत नसत, मिळेल ते आणत. एकदा पाच नारळ आले आणि मीठ राहिलं. माझा नवरा हसला नाही, मीही नाही. रस्त्यात जुनी मुलं भेटत, आता पीण्यातल्या कारखान्यात नाहीतर बँकेत नोकरीला असलेली, वाकून नमस्कार करत. अक्का त्यांना ओळखत, कोण कुठे बसत असे तेही सांगत, आणि लगेच घरी जायची घाई करत.

गेल्या वर्षी एका रविवारी ती आनेकलची शिक्षिका घर शोधत आली. दोन बस बदलून आली होती, सोबत पेरूंची पिशवी. तिला काही विचारायचं नव्हतं, फक्त भेटायचं होतं. दुपारभर दोघी माडीवर बसल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा अक्का तिला मुलांची नावं विचारत होत्या आणि ती एकेकाचं सांगत होती, हा बहिणीला आणायला लवकर पळतो, हिला फळ्यावरचं दिसत नाही पण सांगत नाही. सगळा वर्ग सांगून झाला. अक्का पुढे सरकून ऐकत होत्या. मला वाटलं, आता वही मागतील. अक्का म्हणाल्या, "इतकं माहीत आहे तुला. उद्या काय करशील मग?"

ती कपाकडे बघत म्हणाली, "मॅडम, मी शुक्रवारी सोडली नोकरी. मॉलच्या ऑफिसात लागलेय. तेच सांगायला आले होते."

अक्कांनी तिच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला. मग "सरी" म्हणाल्या, आणि पिशवी रिकामी जाऊ नये म्हणून तिच्यात चकल्या भरून दिल्या. आम्ही दोघी तिला थांब्यापर्यंत सोडायला गेलो. बस आली, ती चढली, जागा मिळाली नाही तेव्हा उभ्यानेच हात हलवत राहिली.

बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी म्हटलं, "चला अक्का."

"चांगली होती ग," अक्का म्हणाल्या. "वर्षभरात शिकली असती."

मी घराकडे वळले होते, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. मग मीही परत जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. पुढची बस येईपर्यंत आम्ही तिथेच होतो.