चाचांच्या भिंतीवरची बैलजोडी

आमच्या गल्लीतल्या, समोरच्या घरातल्या चाचांइतका छपाईचा वेडा माणूस अकोल्यात नाही, अमरावतीतही नसावा. लग्नपत्रिकांच्या छापखान्यात जन्म गेला, घरी बसले तरी बोटांची शाई गेली नाही. भेंडी चिरायला घेतली की आधी तिचा छाप काढणार, मग भाजी. एकदा जावयाच्या चपलेच्या तळव्यावर फुलं कोरली. जावई अंगणात सांडलेल्या रंगातून फुलं उमटवत बस स्टँडवर गेला. घरी छपाईचं यंत्र नाही, म्हणून ठशावर कागद ठेवून स्टीलच्या चमच्यानं त्याची पाठ घासतात. त्यांचे सगळे चमचे काळे. ईदेला शिरखुर्म्याला मी माझा चमचा घेऊन जायची.

आपल्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी मलाही नादी लावलं. त्यांचे हात थरथरायला लागले होते, कोरणी धरवेना, आणि ट्रंकेत सागाची एकच जुनी फळी उरली होती.

"भाभी, ही फळी माह्या डोळ्यादेखत छापून निघाली पाह्यजे. बिघडलं तं दुसरी फळी नाही."

मी चौथी पास. पण जन्मभर कपाशी निंदली, हात हलत नाही. महिनाभर त्यांनी रबरावर पानंफुलं कोरून घेतली. "जे कोरसान ते पांढरं रायते, जे ठेवसान ते काळं छापते." मग मी फळी मागितली. आमच्या तेल्हाऱ्याच्या शेतातली बैलजोडी कोरायची होती; तिचा फोटो कुणी काढलाच नाही. पांढऱ्या डावीकडे, मोडक्या शिंगाचा लाल्या उजवीकडे.

छापायच्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रुळानं शाई लावली, कागद ठेवला, मनगट दुखेपर्यंत चमचा घासला. कागद उचलला तर शेपटीचा केस न् केस उमटलेला! मी ओरडलेच. मग नीट पाहिलं. लाल्या डावीकडे!

"चाचा, सत्यानाश! डाव्या बाजूला जुंपला की हा एक पाऊल टाकत नव्हता!"

"कागदावर सगळं उलटंच येते, भाभी."

"मग आधी काहून नाही सांगतलं?"

"अक्षरं असती तं सांगतलं असतं. बैलाले बाजू असते हे मले काय माहीत!"

दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. त्यांनी तोच छाप भिंतीला लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

पावसाळ्यानंतर मुलगी त्यांना चांदूर रेल्वेला घेऊन गेली. छाप त्यांनी नेला, फळी मला दिली. मी कधी तिच्यावर हात फिरवते. फळीवर पांढऱ्या डावीकडे आहे, लाल्या उजवीकडे. दोघं आपापल्या जागी. समोरचं दार तेवढं बंद असतं.